फक्त येणारा आवाज

३ तारीख, मंगळवार

आई जाऊन आठ दिवस झाले. ही वही तिच्याच कपाटात सापडली. पहिल्या दोन पानांवर सामानाची यादी आहे, तिच्या अक्षरात. ती पानं तशीच ठेवून तिसऱ्यापासून लिहायला घेतलंय. लिहून ठेवायला हवं, कारण माझ्या लक्षात राहत नाही हे आज सकाळी मला कळलं.

सकाळी धाकटीचा फोन आला. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली होती, दारातच उभी राहिली, बाबांच्या पाठीवरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. त्यानंतरचा हा पहिला फोन.

"ताई, एकच विचारते. खरं सांगशील? शेवटी शेवटी आईने माझं नाव काढलं होतं का गं?"

"काढलं होतं. तुझ्यासाठी निरोप होता तिचा."

"काय?"

मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. आईचा आणि माझा दर रविवारी दहाला व्हिडिओ कॉल असायचा. त्यातल्याच एका रविवारी आई म्हणाली होती, "धाकटीला सांग..." आणि मी म्हटलं होतं, "सांगते." ही दोन टोकं लख्ख आठवतात. मधलं वाक्य गेलं. मी ते ऐकलंच नव्हतं.

"माझ्या शब्दांत कशाला," मी म्हटलं. "रेकॉर्डिंग आहे. तिच्याच आवाजात पाठवते."

ती म्हणाली, "तेवीसच्या आत पाठव. चोवीसला माझं ऑपरेशन आहे. गळ्यात गाठ आहे, घाबरू नकोस, साधीच आहे. फक्त आवाज जाऊ शकतो म्हणतात." आणि हसली. "आईचं म्हणणं खरं होणार बघ शेवटी."

सहा वर्षांपूर्वी तिने नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा आई तिला फोनवर म्हणाली होती, "यापुढे तुझा आवाजसुद्धा मला ऐकवू नकोस." आमची धाकटी लहानपणापासून आज्ञाधारक. तिने ते अक्षरशः पाळलं.

फोन ठेवल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे टीव्हीखालच्या, कॉल रेकॉर्ड करणाऱ्या डब्याची वायर उपटली. त्यात शेवटचे तीस दिवसच राहतात, जुनं आपोआप पुसलं जातं. गेल्या महिन्यातला चार तारखेचा रविवार आज पुसला गेला असता. चार रविवार वाचले. त्यातल्या एकात ते वाक्य आहे.

४ तारीख, बुधवार

नाही.

आईचा आवाज नाही. चारही रविवारांत नाही.

नीट लिहिते. बाबांना ऐकू कमी येतं. कॉल चालू असताना मी काय बोलले ते त्यांना कळायचं नाही, म्हणून दीड वर्षापूर्वी मीच तो डबा बसवला. नेटवरून येणारा आवाज आणि चित्र तो साठवतो. कॉल संपला की बाबा मोठा आवाज लावून, दोन-दोनदा मागे घेऊन बघत बसायचे. डबा लावताना समोर प्रश्न आला होता: काय साठवायचं? येणारं, जाणारं, की दोन्ही? मी "फक्त येणारं" वर खूण केली.

सवयच तशी. माझं कामच ते आहे. दूरदूरच्या लोकांचे जबाब, मुलाखती, बैठका आमच्या ऑफिसात नेटवरून येतात, आम्ही त्या साठवतो, तपासतो, मागतील त्यांना पुन्हा वाजवून दाखवतो. आमच्या खात्याचा पहिला धडा असा की प्रत्येक टोकाने फक्त येणारं ठेवायचं. जाणारं पलीकडच्या टोकाला कुणीतरी ठेवतोच. एकच गोष्ट दोनदा ठेवून जागा अडवायची नाही.

पलीकडच्या टोकाला मी होते. मी काहीच ठेवलं नाही.

डब्यात आहे ती फक्त मी. चार रविवार, दोन तास अकरा मिनिटं, मी.

६ तारीख, शुक्रवार

तीन दिवस स्वतःकडे बघतेय. इतकी कंटाळवाणी बाई मी आजवर पाहिली नव्हती.

माझी नजर कॅमेऱ्याकडे नसते. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात असते, तिथे ऑफिसचे निरोप येतात. मधे मधे मी म्हणते, "हो का?" "बरं." "मग?" "अगं, घे ना गोळी वेळेवर." आणि टकटक टकटक टाइप करत राहते. आई बोलतेय तिथे शांतता आहे. माझी खोली, माझा पंखा, माझी टकटक.

"सांगते" हा शब्द मी सहा वेळा म्हटलाय. कुठला धाकटीचा, देव जाणे.

अकरा तारखेच्या रविवारी मी म्हणते, "हो का? बरं. बसव मग त्यांना, पाणी दे." म्हणजे कुणी आलं होतं घरी! तेव्हा हजर असलेलं कुणी सापडलं तर विचारता येईल. बाबांना कागदावर लिहून विचारलं.

"कोणी नाही आलं," बाबा म्हणाले. "आपल्याकडे कोण येतंय?"

"आठवून बघा ना, बाबा."

"मला ऐकू येत नाही. दिसतं सगळं," ते म्हणाले. मग माझ्या पडद्याकडे बोट करून म्हणाले, "तू फार घाईत असायचीस. मी हिला म्हणायचो, पोरीला वेळ नाही, थोडक्यात आटप. तर म्हणायची, तिला वेळ नाही म्हणून तर बोलता येतं मला."

याचा अर्थ काय, विचारलं. ते टीव्हीकडे वळले.

संध्याकाळी पुसापुशी करताना खिडकीशी तो फोन दिसला. नेटच्या जोडणीबरोबर फुकट आलेला, ज्याचा नंबर आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. आईने त्याला लोकरीचं झाकण विणलंय. झाकणावर धूळ नव्हती.

"हा कोण वापरतं?"

"तुझी आई. रविवारी घेऊन बसायची कानाला. पण बोलायची नाही काही. बिघडला असावा."

बिचारी. बिघडलेल्या फोनवरही प्रयत्न करत होती. मला सांगितलं असतं तर दुरुस्त करून दिला असता.

९ तारीख, सोमवार

ऑफिसात परत. डबा पिशवीतून घेऊन आले.

आमच्याकडे आवाजाच्या कामाला एक गृहस्थ आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. सगळे त्यांना कानसेन म्हणतात, तेही ओ देतात. त्यांना सगळं सांगितलं. सांगताना हे कुणा दुसऱ्याचं प्रकरण आहे असं भासवायचं ठरवलं होतं, ते दुसऱ्या वाक्यालाच फसलं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही कानात इअरफोन घालून बोलायचात का?"

"नाही. आईला आवडायचं नाही. म्हणायची, कानात बोळे घातलेस की परकी दिसतेस."

कानसेन ताठ बसले. "मग तुमच्या आईंचा आवाज तुमच्या लॅपटॉपच्या स्पीकरातून तुमच्या खोलीत येत होता. आणि खोलीत लॅपटॉपचा माइक चालू होता."

इतकी वर्षं या धंद्यात आहे आणि मला हे सुचलं नव्हतं. आईचा आवाज माझ्या खोलीत येऊन, माझ्या माइकमध्ये शिरून, पुन्हा आईच्या घरी परत गेला असणार. माझ्या आवाजाबरोबर. त्या डब्यात!

"हुरळू नका," ते म्हणाले. "लॅपटॉप हा परत जाणारा आवाज पुसून टाकतो. नाहीतर बोलणाऱ्याला आपलंच बोलणं मागून ऐकू येईल, वेड लागेल माणसाला. पुसण्याचं काम यंत्र चोख करतं."

"नेहमी?"

"नेहमी चोख काय असतं हो जगात? ठेवून जा डबा."

१२ तारीख, गुरुवार

काही नाही. दुपारच्या सुटीत आम्ही दोघं आतल्या खोलीत बसतो. कानसेन डोळे मिटून ऐकतात, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. भांडं खरवडून खरवडून काही निघतंय का बघावं तसं चाललंय.

नेटवरून आवाज सलग येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येतो. काही तुकडे उशिरा पोचतात, काही वाटेतच हरवतात. वाजवणारं यंत्र थोडं थांबून ते ओळीने लावतं आणि हरवलेल्याच्या जागी आजूबाजूचा आवाज ताणून भरतं, भोक दिसू नये म्हणून. कानसेन ही भरती काढून टाकतायत. "खोटं आधी काढू," म्हणतात, "मग खरं किती उरलं ते बघू."

मॅडमनी बोलावून घेतलं. सोमवारी मी पाठवलेल्या एका जबाबात शेवटची चार मिनिटं नाहीत, तक्रार आलीय. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाल्या. मी "हो" म्हटलं. माझ्याकडून कुणी काहीच अपेक्षा करू नये.

१३ तारीख, शुक्रवार

आई!

एकच शब्द. "अगं..."

लांबून, विहिरीतून आल्यासारखा. पण तिचाच. "अगं" म्हणताना ती शेवटी जरा वर जायची, तसाच.

मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. कानसेन दाराकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

मग त्यांनी सांगितलं. यंत्र पुसतं ते माझ्याकडे शांतता असताना. पण मी बोलायला लागले की त्याची पंचाईत होते. तिचा आवाज पुसायला जावं तर माझाही कापला जाईल. म्हणून तेवढा वेळ ते हात आखडतं, आणि माझ्या आवाजाखालून तिचा थोडा निसटतो.

"म्हणजे दोघी एकदम बोललो तिथे?" मी विचारलं.

"हो. जिथे तुम्ही त्यांचं बोलणं मधेच तोडलंत, तिथे त्या आहेत."

जिथे मी निमूट ऐकत होते तिथली आई पुसली गेली. जिथे तोडलं तिथलीच उरलीय. आता जेवढी जास्त उद्धट असेन तेवढी आई मिळणार. मी मनात म्हटलं, देवा, मी खूप उद्धट असू दे.

१५ तारीख, रविवार

ऑफिस बंद असूनही कानसेन आले. घरी कारण काय सांगितलंत, विचारलं तर म्हणाले, "बायकोला म्हटलं, एका बाईंची आई शोधायचीय. ती म्हणाली, मग जेवणाचा डबा घेऊन जा, वेळ लागेल."

त्यांचा शोध असा की माझ्या बोलण्याखालीच नव्हे, माझ्या टकटकीखालीही आई आहे. यंत्राला टायपिंगसुद्धा कुणीतरी बोलतंय असंच वाटतं. आता ती टकटक एकेक खडा वेचावा तशी काढायची.

आज अकरा तारखेचा तो तुकडा निघाला. "बसव त्यांना" वाला.

आई म्हणते, "ऐकतेयस का गं? स्वयंपाकघरात हत्ती आलाय."

आणि मी म्हणते, "हो का? बरं. बसव मग त्यांना, पाणी दे."

मग आई हसते. स्वच्छ ऐकू येतं, कारण मी त्या वेळी जोरजोरात टाइप करतेय. हसत हसत म्हणते, "बसलाय. ओट्यावर बसलाय."

कानसेनही हसायला लागले, मीही. पोट दुखेपर्यंत हसलो. मग माझं हसणं थांबेना आणि ते हसणं राहिलं नाही. कानसेननी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "खा. हत्तीला पाणी देऊन दमलात."

तिला कळत होतं. मी ऐकत नाही हे तिला प्रत्येक रविवारी कळत होतं.

१७ तारीख, मंगळवार

धाकटीचा फोन आला, नेमका कानसेन दुसऱ्या कानात चार तारखेचा तुकडा ऐकवत असताना.

"ताई, सापडलं का?"

"सापडतंय. थोडी सफाई चाललीय."

"सफाई कसली? आहे तसं पाठव की."

"पाठवते गं."

"घरात फार शांत वाटतंय बघ. माझे ते रविवारचे फोनसुद्धा बंद झाले."

"कसले फोन?"

"सांगितलं होतं ना तुला. अकराच्या सुमारास यायचा. पलीकडे कुणी बोलायचं नाही."

"ते होय. कंपन्यांचे असतात. ब्लॉक कर म्हटलं होतं मी तुला. झाले बंद ते बरंच झालं."

ती काहीतरी म्हणाली, पण त्याच वेळी दुसऱ्या कानात आई "औषधं" म्हणाली, आणि ते "धाकटी" आहे की "औषधं", या गडबडीत धाकटीचं राहून गेलं. औषधंच होतं.

१९ तारीख, गुरुवार

चार दिवस उरले. चार, अकरा आणि अठरा तारखेचे रविवार संपले. "धाकटी" हा शब्द कुठे नाही. आता फक्त पंचवीस, शेवटचा. आणि त्या दिवशी मी फारशी मधे बोललेच नाही. कधी नव्हे ती शहाण्यासारखी वागले होते.

कानसेनना विचारलं, हल्ली म्हणे थोडा आवाज मिळाला की यंत्र त्याच आवाजात हवं ते वाक्य बोलून दाखवतं?

"दाखवतं. मिनिटभर आवाज लागतो. तुमच्याकडे आता तेवढा जमलाय." मग म्हणाले, "मी करून देणार नाही. पण तुम्हालाही येतं ते."

येतं. घरी येऊन कागदावर वाक्यं लिहून पाहिली. धाकटीला सांग, माझा राग गेलाय. धाकटीला सांग, माझं चुकलं. धाकटीला सांग, तू माझी लाडकीच होतीस. तिन्ही वाक्यं सुंदर आहेत आणि एकही आईचं नाही. आई असं बोलूच शकत नाही. आई "माझं चुकलं" म्हणाली असती तर हत्तीच आला असता घरात.

तरी कागद फाडलेला नाही. हे लिहून ठेवते, कारण उद्या काही सापडलं नाही तर मी काय करीन ते मला माहीत आहे. ती ऑपरेशनला जाताना तिच्या कानात काहीतरी असायला हवं. मग ते खोटं का असेना.

२० तारीख, शुक्रवार

सापडलं.

पंचवीस तारीख, दहा वाजून एकतीस मिनिटं. मी एका बैठकीची वेळ बदलल्याचं कळवत होते. दोन परिच्छेद लिहिले, म्हणून आईला जवळजवळ अख्खं मिनिट मिळालं. ऐकलं ते शब्दशः लिहिते:

"धाकटीला सांग, बोल म्हणावं. मी फोन करते तिला, या खिडकीतल्या फोनवरून. ती दोनदा हॅलो म्हणते न् गप्प बसते. माझं तोंड नाही उघडत. मीच बंद केलंय ना तिचं, मी कुठल्या तोंडाने आधी बोलू? कान लावून बसते झालं. नळ ऐकू येतो, भांडी ऐकू येतात. तिला सांग, बोल म्हणावं काहीही. शिव्या दे म्हणावं. सांगशील ना?"

टकटक थांबते. मी कॅमेऱ्याकडे बघते. चार रविवारांत पहिल्यांदा नीट बघते. आणि म्हणते, "सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली.

एक दिवस होता माझ्याकडे.

कानसेननी विचारलं, "आधीचं-नंतरचं कापून तेवढंच वाक्य वेगळं करून देऊ?" ऑफिसात आम्ही तसंच करतो. मागितलेलं तेवढंच द्यायचं. कापलं तर धाकटीला आईचा आवाज मिळेल आणि मी त्यात नसेन.

"नको. दहा-पंचवीसपासून शेवटपर्यंत द्या," मी म्हटलं. "टकटकीसकट."

२१ तारीख, शनिवार

सकाळी पाठवलं. खाली लिहिलं, "निरोप माझ्याकडेच अडकला होता. तो खिडकीतला फोन बाबांकडे आहे." जास्त काही लिहिता आलं नाही. नऊ वाजता तिने ऐकल्याची खूण आली. उत्तर नाही. दुपारपर्यंत नाही. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही.

तिच्या जागी मी असते तर पुन्हा कधीच उचलला नसता.

परवाचा तो तीन वाक्यांचा कागद फाडला. दुपारच्या गाडीने बाबांकडे आले.

२२ तारीख, रविवार

दहा वाजता सवयीने बाबा टीव्हीसमोर येऊन बसले. मी त्यांच्या शेजारीच होते. तरी थोडा वेळ ते काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

अकराला मी भांडी विसळत होते. नळ चालू होता म्हणून मला ऐकू आलं नाही, आणि बाबांना तर येतच नाही. पण ते खिडकीशी उभे होते आणि त्यांचा हात त्या लोकरीच्या झाकणावर होता. ते एकदम ओरडले, "अगं, हा थरथरतोय!"

मी ओल्या हातानेच उचलला.

पलीकडे कुणी बोललं नाही. श्वास ऐकू आला. मागे कुठेतरी नळ वाहत होता, तिच्याकडचा. मला वाटलं आपण सगळं सांगावं, माफी मागावी, ऑपरेशनचं विचारावं, ब्लॉक केला नव्हतास ना ते विचारावं. तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. लॅपटॉप पिशवीत होता, मोबाइल दुसऱ्या खोलीत. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "बोल."

पलीकडचा नळ बंद झाला.

सव्वाबारापर्यंत ती बोलत होती. शिव्याही दिल्या, मला आणि आईला, सारख्या वाटून. मी एकदाही मधे बोलले नाही. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. लिहून ठेवायची गरज नाही, सगळं लक्षात आहे.